खालच्या काठावरची सावली

बपेऱ्याच्या शाळेत चौथीचा वर्ग घेत होतो तेव्हा पोस्टमनने कार्ड आणलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. पालथं ठेवलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. उचललं तर एक कोपरा फाडलेला... आमच्याकडे मरणाची बातमी अशीच येते, मजकुराच्या आधी कोपरा दिसतो. वासुदेवच्या मेव्हण्याने सानगडीहून घाईघाईत लिहिलं होतं : वासुदेव काविळीने गेला, तेरवीला येणे. पोरांना मी सतराचा पाढा लिहायला लावला आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. समोर धानाची रोवणी चालू होती, बाया चिखलात वाकल्या होत्या. रडू आलं नाही. आधी वाटलं ते असं, की आता ते दोघंही गेले, आता कुणालाच माहीत नाही. असा विचार मनात आणणाऱ्या माणसाने मित्रावर लेख लिहावा की नाही, हे वाचकांनी ठरवावं. मी मात्र लिहिणार आहे.

वासुदेव आणि मी एकाच गावचे, एकाच बाकावरचे. तो शेतीत राहिला, मी मास्तर झालो. दोघांना वेड एकच, शंकरपटाचं. धान कापून झाले, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, वाळल्या, की आमच्या भागात गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती सुरू होतात आणि आम्हा पटशौकिनांचे पाय घरात ठरत नाहीत. वासुदेवजवळ एक जुना बारा फोटोंचा डबा-कॅमेरा होता, निवृत्त होऊन गावी परत जाणाऱ्या एका फॉरेस्ट गार्डने दिलेला. मागे एक लाल खिडकी, तिच्यात आकडा दिसायचा, कितवा फोटो चालू आहे तो. एका रोलात बारा, आणि पूर्ण हंगामाला दोन रोल, म्हणून त्याने नेम केला होता : एका जोडीचा हंगामात एकच फोटो. चुकला तर चुकला. “दुसरा काढला तर पयल्याचा अपमान होते,” असं म्हणायचा. आता याला काय म्हणावं! पण चुकत नसे लेकाचा.

त्याची उभं राहायची जागाही ठरलेली. सगळे पाहणारे धावपट्टीच्या दोन्ही अंगांना, आणि हा शेवटी, झेंडीच्या पलीकडे, जिथे जोड्या अडवणारे चार गडी उभे असतात त्यांच्यात. कारण तो त्या चौघांपैकीच एक होता. पटाचे बैल झेंडीपाशी थांबत नाहीत, त्यांना पुढे माणसांनी वेसणीला धरून थांबवावं लागतं. वासुदेव दुपारचं ऊन पाठीवर घेऊन उभा राहायचा, जोडी झेंडीत आली की एक खटका दाबायचा, हात सोडून द्यायचा, कॅमेरा पट्ट्यावर छातीशी आदळायचा, आणि तोवर हा डाव्या बैलाच्या वेसणीला लोंबकळलेला असायचा. खटका आणि उडी यांच्यात श्वास घेण्याइतकीही फुरसत नसे. ऊन पाठीमागून, म्हणून त्याच्या प्रत्येक फोटोत खालच्या काठावर त्याची स्वतःची सावली पडलेली असे, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. मी त्याला छेडायचो, “बैलाचा फोटो काढतं का आपला?” तो म्हणायचा, “असू दे ना बे. मी होतो तठी, कळू दे लोकायले.”

हे फोटो घरोघरी लागले. देवाच्या खाली आणि घड्याळाच्या वर, असा त्यांचा मान. पोळ्याच्या दिवशी गोठ्यातल्या बैलांची पूजा झाली, की काही घरी फोटोतल्या बैलांच्याही कपाळाला कुंकू लागायचं. काच लाल व्हायची, दुसऱ्या दिवशी कोणी पुसायचं नाही. वासुदेवला याचं फार अप्रूप होतं. तोंडाने कधी बोलला नाही, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून चार घरं फिरून यायचा आणि काचा पाहून यायचा.

काशीनाथ आमच्याच गावचा धुरकरी. धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा. आमच्याहून दहा वर्षांनी लहान, अंगाने काडी, आणि छकड्यावर उभा राहिला की वेगळाच माणूस. त्याच्या बापाची, सदाशिवबाबांची, पाखऱ्या आणि सरदार ही जोडी. पाखऱ्या सरळ धावायचा. सरदार डावीकडला, झेंडी ओलांडली की डावीकडे वळायची खोड. म्हणून वासुदेव डावीकडे उभा राहायचा. सरदारची वेसण त्याचीच, हे काही कोणी ठरवलं नव्हतं, पण दुसरा कुणी ती धरायला जात नसे.

आणि मग व्हिडिओ आला. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. माझा साडू नागपूरला लग्नाची शूटिंग करू लागला होता. त्याच्याकडे मी पहिल्यांदा टीव्हीवर लग्न पाहिलं, नवरी मान हलवते, म्हाताऱ्या भांडतात, सगळं हुबेहूब! माझं डोकं फिरलं. गावी येऊन मी वासुदेवच्या मागे लागलो. फोटोचं काय घेऊन बसला, म्हटलं, जमाना कुठे चालला. ओसरीवर बसून आम्ही किती भांडलो याची गणती नाही. तो धान पाखडत ऐकायचा. एकदा हातातलं सूप खाली ठेवून म्हणाला, “फोटोत बैल उभा रायते, मास्तर, पन पायनाऱ्याले वाटते का तो धावूनच राहिला. तुह्या व्हिडिओत तो धावते, अन् निंगून जाते. मंग रायलं काय?” मी म्हटलं, “आवाज रायते. तुह्या फोटोत आवाज कुठी हाये?” तो हसला. “मले येते ना ऐकू.”

मी त्याला पटवू शकलो नाही, काशीनाथने पटवलं. तो एक दिवस तिथेच येऊन बसला आणि म्हणाला, “वासुदेवभाऊ, सारे मले हाकताना पायतात. मी कसा हाकतो, मले कधी दिसलंच नाही. एक डाव दाखव ना गा.” वासुदेवने धोतरावरचा कोंडा झटकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आन बापा, तुहं ते धूड.”

साडूकडून मागून आणलेलं ते यंत्र खरोखर धूडच होतं. कॅमेरा वासुदेवच्या खांद्यावर पट्ट्याने अडकवलेला, आणि कॅसेटचा रेकॉर्डर वेगळा, पेटीएवढा, तो माझ्या खांद्यावर. मधे वायर. दोन हातांहून जास्त नसेल. साडूने शिकवलं होतं की वायरीला झटका बसला तर चित्र जातं, आणि ते वाक्य मी मंत्रासारखं पाठ केलं होतं. तळ्याकाठच्या एका गावचा पट होता. झेंडीच्या पलीकडे मोकळी बांधी, आणि डावीकडे तळ्याची उंच पाळ, मातीचा बांध. वासुदेव त्याच्या नेहमीच्या जागी, मी त्याच्या मागे. गळ्यात त्याने डबा-कॅमेराही अडकवून आणला होता. म्हणाला, “पयले एक फोटो घेतो. मंग तुहं चालू करू.” मला राग आला. खरंच राग आला. “दोन्ही जमत नाही,” मी म्हणालो. “एक तर फोटो काढ, नाही तर हे धर.” त्याने डबा पाठीवर सरकवला.

पुढे जे झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे, निदान त्यांना तसं वाटतं. पाखऱ्या-सरदार झेंडीतून गेले ते त्या दिवशी सगळ्यांत पुढे. उजवीकडच्या गड्यांनी पाखऱ्याला धरलं. सरदारला कोणीच धरलं नाही. तो डावीकडे वळला, छकडा पाळीवर चढून उलटला, आणि काशीनाथ त्याच्याखाली सापडला. जीपमध्ये घालून त्याला भंडाऱ्याला न्यायला निघालो. डोकं वासुदेवच्या मांडीवर. कारध्याच्या पुलावर वैनगंगा लागली तेव्हा वासुदेवने ड्रायव्हरला हळूच सांगितलं, “आता घाई नोको करू.”

तेराव्या दिवशी चावडीपुढे कोणीतरी विचारलंच, “तू काहून उभा रायला बे वासुदेवा?” तो म्हणाला, “माह्या हातात कॅमेरा होता.” बस, एवढंच. मी शेजारी उभा होतो. सदाशिवबाबा उठून घरी गेले. चार दिवसांनी भर दुपारी वासुदेवच्या घरी आले, काशीनाथचा जोडीसकट काढलेला जुना फोटो पायरीवर पालथा ठेवला आणि गेले. मग इतरांचेही आले. कोणी पाठवला, कोणी स्वतः आणून दिला, कोणी म्हणालं घर सारवायचं आहे. पटाचं बोलावणं बंद झालं. वासुदेवकडे राहिलेल्या कॅसेटचं मी विचारलं तेव्हा तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “कोरी निंगाली, मास्तर. बटनच दबलं नवतं.” मला काय वाटलं हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं ते हेच, की सुटलो. त्याच उन्हाळ्यात मी बदली मागितली आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बपेऱ्याला गेलो. लोकांना वाटलं, मास्तरला दुःख सहन झालं नाही.

तीन वर्षांत मी त्याला दोनदा भेटलो. दुसऱ्यांदा, गेल्या माघात, तो ओसरीवर बसला होता, डोळे पिवळे दिसत होते आणि मी त्यावरून काही बोललो नाही. रस्त्याने एक बैलबंडी खडखडत गेली तसा त्याचा उजवा हात उठला, बोटं मिटली, जणू वेसण धरली. त्याने तो हात दुसऱ्या हाताने खाली घेतला. “असं होते कधी कधी,” म्हणाला. माझ्या पोराबाळांची चौकशी केली. चहा घेऊन मी निघालो तर फाटकापर्यंत आला.

तेरवीला गेलो. जेवणावळ उठल्यावर वासुदेवच्या बायकोने, सुमनवहिनींनी, मला आत बोलावलं. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. “भाऊजी, हे तुमालेच दे मनत होते. कोनाच्या हाती पाठवू नोको, आपल्या हातानं दे, मने. अन् सांगजो, मने, का मी कोनाले दाखवली नाही.” वहिनींना आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. मी वरून चाचपलं आणि मला कळलं.

तुमसरला माझा एक जुना विद्यार्थी भाड्याने व्हिडिओ सेट देतो. त्याच्याकडे गेलो, म्हटलं, मला एकट्याला बसू दे. दुपारचे बारा वाजले होते. कॅसेट कोरी नव्हती. लांबून धूळ येताना दिसते, मग शिंगं, मग काशीनाथ, दात काढून हसत... किती सुंदर हाकायचा तो! स्वतःला पाहायचं म्हणत होता, ते हेच. झेंडी जाते. काशीनाथ ओरडतो, “वासुदेवभाऊ, धर!” चित्र हलतं. वासुदेवचा आवाज, अगदी जवळून, “मास्तर, वायर सोड! वायर सोड!” आणि त्याहून जवळून, त्याहून मोठा आवाज, “हलू नको बे! चालू हाये! उभा राय!” मग चित्र आभाळाकडे वळतं आणि कितीतरी वेळ नुसतं आभाळ दिसतं. माणसं ओरडताना ऐकू येतात.

तो तिसरा आवाज माझा आहे. मी विसरलो होतो असं लिहिता आलं असतं, वाचकांनी मानलंही असतं. मी विसरलो नव्हतो. एक दिवसही नाही. वायर मी दोन्ही हातांनी मागे ओढून धरली होती, तळहाताला वळ उठला होता, तो मी घरी तेल लावून जिरवला. वासुदेवने ती कॅसेट कुठे पाहिली, किती वेळा पाहिली, मला माहीत नाही. एकदा जरी गावात लावली असती तरी त्याचं नाव धुऊन निघालं असतं. त्याने ती फडक्यात बांधून ठेवली आणि पायरीवर एकेक पालथा फोटो घेत राहिला.

मी सदाशिवबाबांकडे गेलो. कॅसेट पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. शिव्या देतील, अंगावर येतील, अशी तयारी होती, खरं तर इच्छाच होती. त्यांनी विचारलं, “त्यात काशीनाथाचा आवाज हाये का?” मी म्हटलं, “हाये, बाबा.” “नोको मंग. ठेव तुह्याजवळ.” पुष्कळ वेळ ते तंबाखू मळत बसले, तोंडात काही टाकली नाही. मग म्हणाले, “वासुदेवाले मी तीन सालं तंबाकू इचारली नाही बे.” माझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. अजूनही बोललेले नाहीत.

परवा पोळा झाला. सकाळी ते काठी टेकत वासुदेवच्या घरी आले. मी तिथेच होतो. परत आलेले सगळे फोटो त्याने आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून रचून ठेवले होते. खुंटीला डबा-कॅमेरा लटकत होता, लाल खिडकीत बाराचा आकडा. शेवटचा फोटो काढायचा राहिलेला. बाबांनी एकेक फोटो उलटून आपला शोधला, धोतराने काच पुसली आणि वहिनींना कुंकू मागितलं. पाखऱ्याला लावलं. सरदारला लावलं, हात थोडा थांबला, पण लावलं. काशीनाथला लावलं. मग त्यांचं बोट काचेवरून खाली आलं, त्या सावलीपाशी. “मास्तर, हा आपला वासुदेव ना?” मी मान डोलावली. दोन कोपरांच्या मधे, जिथे तो कॅमेरा धरायचा, तिथे त्यांनी कुंकवाचं चौथं बोट टेकवलं आणि फोटो काखेत मारून घरी गेले.

तो आता त्यांच्या भिंतीवर जुन्याच खिळ्याला आहे. मी जाऊन पाहून आलो. त्या फोटोत मी कुठेच नाही. मी कॅसेटमध्ये आहे, आणि कॅसेट माझ्या पेटीत आहे.