गौरीच्या ताम्हनातलं लिथॉप्स

पेणच्या हवेत लिथॉप्स वाढवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. आफ्रिकेतल्या कोरड्या माळावरची ही वनस्पती. दोन जाड पानं एकमेकांना चिकटलेली, मध्ये एक चीर, बाकी हुबेहूब नदीतला गोटा. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. म्हणून रामवाडीच्या घरामागे मी प्लास्टिकच्या छपराचं ग्रीनहाऊस उभारलं, पंखा लावला आणि पावसाळाभर कुंड्यांत थेंब पडू दिला नाही. तरी पाच वर्षांत कितीतरी रोपं सडली. एकच तगलं, आणि गेल्या भाद्रपदात त्याच्या चिरेतून पिवळी कळी डोकावली. ती फुललेली बघायची आणि ते झाड जगवायचं, एवढंच मला हवं होतं.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. सवाष्णीने पाणवठ्यावरून पाच खडे ताम्हनात आणायचे, तोंडात पाण्याची चूळ धरून, वाटेत कोणाशी न बोलता. हा मान रोह्याहून येणाऱ्या वहिनीचा. विहीर बुजवलेली, नदीचं पाणी चढलेलं, म्हणून आईने तिला मागच्या नळावर पाठवलं. नळ ग्रीनहाऊसच्या दाराशीच आहे. मी कंपनीतून शिफ्ट संपवून आलो, तर वहिनी ग्रीनहाऊसमधून बाहेर पडत होती. ताम्हनात चार साधे खडे आणि माझं लिथॉप्स, कळीसकट.

"वहिनी, ते झाड आहे! ठेवा ते!"

तिने फुगलेल्या गालांनी डोळे वटारले आणि चालत राहिली. मी आडवा गेलो तशी आई दारातून ओरडली, "तिला बोलायला लावू नको रे! गवर येतेय, बाजूला हो!" जिला जाब विचारायचा तिच्याच तोंडात पाणी. इतका हतबल मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

चूळ टाकल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, मला काय ठाऊक? कुंडीत निवडक खडे दिसले. एकाला तर तोंड होतं, म्हटलं हीच गवर."

मी बदली खडा आणतो म्हणालो. "पाटावर बसली ती आता उठायची नाय," आईने विषय संपवला. मग पंचामृत झालं. दूध, दही, तूप, मध, साखर, वर तांब्याभर पाणी. मी दातओठ खात बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. खिडकीतून ते थेट पाटावर आलं आणि जेवणं चालू असताना कळी उघडली. मी ताट सोडून उठलो. काही बोलणार तोवर वहिनीने हात जोडले होते आणि आईच्या डोळ्यांना धार लागली होती. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका दर्शनाला येत राहिल्या. मी प्रत्येकीला सांगत होतो, हे मी वाढवलंय. "तुझी पुण्याई हो," शेजारच्या काकू म्हणाल्या. पुण्याई कसली डोंबलाची! वाळू आणि पंखा!

विसर्जनाला मीच गेलो. चार खडे नदीत सोडले, लिथॉप्स खिशात घातलं आणि घरी आणून कोरड्या वाळूत लावलं. आईने ते पाहिलं. आता रामायण होणार, असं मला वाटलं, पण ती उलट खूश झाली. "राहायचं असेल तिला."

"राहू दे, पण पाणी अजिबात घालायचं नाही," मी बजावलं.

"माहेरी राहिलेल्या लेकीला तहानलेली ठेवतोस?"

मी शिफ्टला गेलो की आई पाणी घालायची. शेजारणीही घालायच्या. कुंडीवर 'पाणी घालू नये' अशी पाटी लावली, तर संध्याकाळी पाटीलाच हळदकुंकू. भांडलो, समजावलं, कुंडी वरच्या फळीवर ठेवली. आई स्टूल घेऊन चढली.

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी हात लावला, तर बोट सरळ आत गेलं. पानांचा नुसता लगदा. मी तिथेच खाली बसलो आणि खरंच रडलो.

आई येऊन उभी राहिली. पाठीवरून हात फिरवला. "गेली रे सासरला. रडतोस काय असा? पुढच्या वर्षी पाचही तूच तयार कर. सगळ्यांना फुलं यायला पाहिजेत, हां."