मुदतवाढ दिलेला शॉर्टस्टॉप

मी पत्रकांवर वाढले, आणि हे मी शब्दशः सांगते आहे. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा कारखान्याच्या गेटवर ती वाटायचे, आणि मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. 'कमळ' लिहिता येण्याआधी मला 'निलंबन' वाचता येत होतं.

त्यामुळे सिंगापूरला पीएच.डी. करताना काकांनी मला त्यांच्या फँटसी बेसबॉलच्या लीगमध्ये बोलावलं, तेव्हा मी त्यांनाच भाषण दिलं. खेळ त्यांनी समजावून सांगितला होता. आठ जणांनी अमेरिकेतले खरे खेळाडू आपापल्या कागदी संघात वाटून घ्यायचे. ते तिकडे खऱ्या सामन्यांत जसे खेळतील, तसे इकडे आपल्याला गुण. वर्ष संपलं की प्रत्येकाने आपले चार खेळाडू ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. मी म्हटलं, माणसं ठेवायची आणि सोडायची, हा खेळ मालक लोक रोज खेळतात, आपण सुट्टीच्या दिवशी कशाला खेळायचा? काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, शनिवारी येऊन बघ, मग नाही म्हण.

काका माझे कुणी नातेवाईक नव्हेत. यिशुनमध्ये मी ज्या इमारतीत भाड्याच्या खोलीत राहायचे, तिच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये ते आणि काकू राहायचे. मूळचे पुण्याचे, आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत टेस्टिंगचे मॅनेजर. तरुणपणी कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं अमेरिकेत होते, तिथे हे वेड लागलं. गणेशोत्सवात मराठी मंडळी त्यांची खेचायची. तुमच्या त्या खेळात चहाची सुट्टी तरी असते का हो, असं कुणीतरी दरवर्षी विचारायचंच. ते दरवर्षी 'नसते' एवढंच म्हणायचे.

मी शनिवारी गेले. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईतल्या, एका गोल टेबलावर जागा धरायला टिश्यूची पाकिटं टाकलेली होती आणि भोवती काकांसकट सात माणसं बसली होती, बहुतेक त्यांच्याच कंपनीतली. आठवी खुर्ची रिकामी होती. आणि तिथे मी जे पाहिलं, ते माझ्या भाषणात कुठेच बसत नव्हतं.

त्या टेबलाची एक रीत होती. खेळाडू ठेवायचा असेल तर कारण सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं, एका वाक्यात. नुसते आकडे सांगायचे नाहीत, आकडे सगळ्यांना दिसतातच. काका ते वाक्य वहीत उतरवायचे. पुढच्या वर्षी त्याच दिवशी, काही ठरवण्याआधी, सगळ्यांची मागची वाक्यं मोठ्याने वाचली जायची. काका आपली स्वतःची चुकलेली वाक्यंही त्याच आवाजात वाचायचे, ना घाईघाईने, ना हसून. 'हा चाळिशीपर्यंत खेळेल असं वाटतं,' हे वाक्य त्यांनी वाचलं आणि तो खेळाडू मेमध्ये निवृत्त झाला, हेही सांगितलं. मग पुढचं वाक्य.

मी माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्या ऑफिसात हे पाहिलेलं नाही. माणसाला काढताना कारण म्हणून 'पुनर्रचना' असा एक शब्द ईमेलमध्ये येतो, आणि तो शब्द कुणी लिहिला हे कधीच कळत नाही. इथे ज्या खेळाडूंना हे टेबल जगात आहे हेसुद्धा ठाऊक नाही, त्यांच्याबद्दल सात माणसं आपल्या तोंडाने कारण देत होती आणि वर्षभराने त्याचा जाब स्वतःलाच विचारत होती. त्यातल्या तिघांचे स्वतःचे एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचे परवाने, कोण वाढवतं, कशावरून वाढवतं, याचा त्यांना पत्ता नव्हता. मी आठव्या खुर्चीत बसले.

रिकाम्या खुर्चीबरोबर तिचा संघही मला मिळाला. त्यात कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बसून असलेला एक डावखुरा पिचर होता. पिचर म्हणजे आपला गोलंदाज. सगळे म्हणाले, सोड त्याला. मी उभी राहिले आणि जखमी कामगारावर बोलायला लागले. तीन-चार मिनिटं बोलले असेन. काका पेन हातात धरून थांबले होते. शेवटी म्हणाले, "एक वाक्य."

मी म्हटलं, "अन्याय झालेल्याच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे."

त्यांनी ते उतरवलं. मग विचारलं, त्याला चेंडू टाकताना कधी पाहिलंस का? मी पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. टेबलावर कुणी हसलं नाही, हे त्या लोकांचं मोठेपण. पुढच्या वर्षी ते वाक्य वाचलं गेलं, तेव्हा मात्र मलाच हसू आलं. त्या पिचरवर अन्याय कुणीच केला नव्हता. त्याचं कोपर दुखावलं होतं, एवढंच. पण त्या वर्षभरात मी सकाळी विद्यापीठाला जाताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, फोनवर सामने बघायला लागले होते. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. ज्याची बाजू घेतेस त्याला आधी बघ, हे बाबांच्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

त्या माझ्या पहिल्या वर्षी मी सातवी आले आणि काका आठवे, म्हणजे शेवटचे. लीगचा एक नियम होता. सलग दोन वर्षं शेवटचा येणाऱ्याने खुर्ची सोडायची, म्हणजे बाहेर थांबलेल्यांना जागा मिळते; मी आल्यानंतर तीन माणसं नाव लावून बसली होती. नियम काकांनीच केलेला. नऊ वर्षांपूर्वी टेबल सुरू केलं तेही त्यांनीच. आणि आता आणखी एक वाईट वर्ष गेलं असतं, तर ते त्यातून बाहेर पडणार होते.

म्हणून त्या दुसऱ्या वर्षीच्या शनिवारी सगळ्यांचं लक्ष त्यांच्या यादीकडे होतं. त्यांच्याकडे एक तरुण शॉर्टस्टॉप होता, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. ठेवलेल्या चौघांपैकी एकाला दोन वर्षांची मुदतवाढ देता यायची. पण ती दिली की मागे फिरता यायचं नाही. खेळाडू जखमी होवो की फॉर्म जावो, दोन वर्षं त्याची जागा तुमच्या संघात अडकलेली. बहुतेक जण ही जोखीम घ्यायचेच नाहीत. काकांनी घेतली. त्यांचं वाक्य मला पाठ आहे: "हा चुकला तरी पुढच्या चेंडूला पाय मागे घेत नाही."

वहीत लिहिलं गेलं. बाराच्या आत यादी बंद, असा टेबलाचा शिरस्ता. मग सगळ्यांनी टोस्ट खाल्ले आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आठला, मी चहा घेताना बातमी वाचली. सरावाच्या सामन्यात त्या शॉर्टस्टॉपच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. निम्मा मोसम तरी तो खेळणार नव्हता. मी लीगची वेबसाइट उघडली आणि पाहिलं तर याद्या अजून बदलता येत होत्या. साइट अमेरिकन. काकांनी तिथे शनिवारची मुदत घातली होती, पण ती तिकडच्या शनिवारची. तो शनिवार संपायला आमच्या रविवारचे दुपारचे बारा वाजणार होते. नऊ वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण बारानंतर कुणी कधी साइटकडे बघायचंच नाही.

मी चप्पल घालून तडक त्यांच्या ब्लॉकला गेले. लिफ्टमध्येच मी मुद्दे जुळवत होते. साइटचा नियम हाही नियमच आहे, अधिकृत मुदत संपलेली नाही, लेखी काय आहे ते बघा. हे सगळे युक्तिवाद कारखान्याचे वकील करायचे. ते मला इतके सफाईने सुचत होते की आज आठवलं तरी लाज वाटते.

दार काकूंनी उघडलं. काका गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी बातमी आधीच वाचली होती. साइट उघडी असल्याचं मी सांगितलं तेव्हा ते पाण्याचा मग खाली ठेवून आत आले, फोनवर स्वतः पाहिलं आणि म्हणाले, माझी चूक, मुदत घालताना वेळेचा फरक धरायला हवा होता. नऊ वर्षं. ते खरंच त्या चुकीवरच अडकले होते.

मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी मुदतवाढ काढून टाका.

"काल अकरा वाजता मी बोललो. सात जणांनी ऐकलं."

"साइटवर ते अजून पक्कं झालेलं नाही, काका. बदललं तरी चालतंय."

"साइट आपण ठेवली आहे. तिने आपल्याला ठेवलेलं नाही."

काकू मधे पडल्या. "अहो, पोरगी इतकी धावत आली आहे. तुमची खुर्ची जाईल ना अशाने."

"जाईल," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात मोडला म्हणून सोडू? तू तर मला भाषण दिलं होतंस."

हा टोमणा होता, आणि तो अगदी बरोबर लागला. मी खाली बसले. त्यांनी माझ्यादेखत साइट बंद केली, म्हणजे आणखी कुणाला बदल करता येऊ नये म्हणून याद्यांना कुलूप घातलं, आणि सगळ्यांना एक मेसेज टाकला: मुदत घालण्यात माझ्याकडून चूक झाली होती, ती दुरुस्त केली आहे, काल टेबलावर ठरलं तेच कायम. शॉर्टस्टॉपबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

मोसम सुरू झाला. मी रोज सकाळी माझ्या संघाआधी त्यांचा संघ बघायचे. जूनमध्ये ते सहावे होते. मोडक्या मनगटाचा खेळाडू जागा अडवून बसलेला असताना काका उरलेल्यांना घेऊन लढत होते. रोज नीट बघून कुणाला उतरवायचं ते ठरवत होते. मी त्याआधी कुणाची इतकी वाहवा केली नसेल, मनातल्या मनात. ऑगस्टमध्ये शॉर्टस्टॉप परतला आणि पहिले तीन आठवडे त्याला चेंडूच लागेना. शेवटच्या आठवड्यात काका आठव्या क्रमांकावर घसरले. माझ्यापेक्षा अकरा गुण कमी. सातवी पुन्हा मी होते.

पुढच्या वर्षीच्या शनिवारी वाक्यं वाचून झाली. काकांनी आपलं वाक्य वाचलं आणि वही मिटायला लागले, तेव्हा टेबलावरची सर्वांत अनुभवी बाई बोलली. ती सिंगापुरी चिनी, काकांच्या हाताखाली टेस्टिंग शिकलेली, आता त्यांच्याच बरोबरीची मॅनेजर. तिचं म्हणणं, इंज्युरीचा काळ वगळून गुण मोजू या, म्हणजे काका शेवटचे राहत नाहीत. "रूल ओन्ली, ला. कॅन चेंज." नियमच तर आहे, बदलता येतो. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना तेच हवं होतं. माझ्या पिशवीत एक पानभर मजकूर होता, आदल्या दोन दिवसांत लिहिलेला, काकांनी का राहावं याबद्दल. तो चांगला होता. बाबांना आवडला असता.

काका म्हणाले, नियम जरूर बदला, पण पुढच्या वर्षापासून. माणूस समोर बसलेला बघून बदललेला नियम हा नियम नसतो, ती मेहेरबानी असते, आणि मेहेरबानीच्या खुर्चीत मला बसवणार नाही. हे त्यांनी इंग्रजीत, साध्या शब्दांत सांगितलं. मग नियम पुढच्या वर्षापासूनच बदलायचा, यासाठी हात वर करायला सांगितले.

मी पिशवीतलं पान बाहेर काढलं नाही. इतक्या वर्षांत मी कितीतरी जणांच्या बाजूने बोलले आहे, पण त्यातल्या कुणालाही मी काकांइतकं बघितलं नव्हतं. आणि जो माणूस मी बघितला होता, त्याची बाजू घ्यायची तर त्याच्याविरुद्ध हात वर करणं भाग होतं. माझा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. पण गेला.

काकांनी वही त्या चिनी बाईंच्या हातात दिली. यादीतला पहिला माणूस, हार्बरफ्रंटला एका शिपिंग ऑफिसात काम करणारा तमिळ तरुण, संकोचत त्यांच्या खुर्चीत बसला. त्याच्या संघात आता तो शॉर्टस्टॉप होता, मुदतवाढीचं एक वर्ष शिल्लक असलेला. उरलेले तिघे कोण ठेवू, असं त्याने काकांनाच विचारलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. मी आता बाहेरचा, म्हणाले, बाहेरच्याने सांगायचं नसतं.

मग त्यांनी वही परत मागितली, शेवटचं पान उघडलं आणि बाहेर थांबलेल्या दोघांच्या खाली तिसरं नाव स्वतःचं लिहिलं. मी मराठीत म्हटलं, काका, या वेगाने तुमचा नंबर यायला पाच-सहा वर्षं जातील.

"मग तोवर नुसतं बघेन," ते म्हणाले. "बघायला खुर्ची लागत नाही."

आणि शेजारच्या टेबलावरून एक स्टूल ओढून ते आमच्यापासून हातभर मागे बसले, कारण पहिलं वाक्य सांगायची पाळी माझी होती आणि सगळे थांबले होते.