शिवलेला खिसा

भिंगारच्या बाजारात मी पँट आखूड करायला ज्यांच्याकडे टाकतो, ते टेलरमास्तर सिगारेट सोडली की आपल्याच शर्टाच्या खिशाचं तोंड शिवून टाकतात. पुन्हा सुरू झाली, की उसवतात. म्हणून दुकानात शिरताना मी आधी चोरून तो खिसा बघतो. त्याच्या कडेची सुईच्या भोकांनी पार चाळण झाली आहे.

एखादं गिऱ्हाईक "काय मास्तर, उसवला का?" म्हणून हसलं, तर मशीन न थांबवता म्हणतात, "उसवला. उद्या शिवतो." आणि खरंच शिवतात, तेही लग्नाचा कोट शिवावा तसं मन लावून. दर वेळी हरल्यावर माणसाला एवढा हुरूप येतो कुठून, हे मला कधी उमगलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या अंगावर नवा शर्ट होता. त्यालाही खिसा, आणि तोही शिवलेला. मला राहवलं नाही.

"मास्तर, खिसाच लावला नसता तर भानगडच मिटली असती ना?"

त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"मिटली असती. पन मंग तुमी आल्या आल्या चोरून बघनार कुठं?"