चालीवर मागितलेला चहा

माझ्या वडिलांना बोलता येत नाही, पण गाता येतं. हे वाक्य माझं इतक्या जणांना सांगून झालं आहे की आता सांगताना माझ्या आवाजात काही उरलेलं नसतं. ऐकणाऱ्याचा चेहरा मात्र दर वेळी उजळतो. "अरे वा," लोक म्हणतात, "म्हणजे घरात गाणंच गाणं." मी मान हलवते आणि स्टाफरूममधून उठून वर्गावर जाते.

बाबा पुलगावच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. यंत्रांच्या आवाजात माणसाला माणसाचं ऐकू येत नसे, म्हणून तिथे ते मोठ्यानं गात, आणि तीच सवय घरी आली. पहिली पाळी सुटली की दुपारी सायकल भिंतीला टेकवून नळावर पाय धुता धुता गात. त्यांचं एक आवडतं जुनं हिंदी गाणं होतं. त्यात बाई रुसलेली आणि पुरुष तिची समजूत काढतो आहे. बाबा दोघांचंही म्हणत. बाईच्या ओळीला आवाज बारीक करत आणि आई आतून म्हणे, "पुरे करा, शेजारी ऐकून राह्यले." ते गाणं म्हटलं की मला ओल्या फरशीचा वास येई आणि त्यांच्या केसांत अडकलेले कापसाचे पांढरे तंतू दिसत.

दुसरं गाणं माझं होतं. माझं आणि माझ्या नवऱ्याचं. नवीन लग्न झालेलं असताना आम्ही वर्ध्याहून माहेरी जायचो, तेव्हा बसस्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानात ते सदान् कदा लागलेलं असे. आमच्यात तेव्हा बोलणं फारसं नव्हतं. दोघंही बस येईपर्यंत उभ्यानं ते ऐकायचो. एकदा यांनी जाऊन ती कॅसेट विकत आणली. आम्ही ती पुलगावला विसरून आलो आणि बाबांनी ती झिजेपर्यंत वाजवली. त्यामुळे ते गाणंही त्यांना तोंडपाठ झालं.

तिसरं आईचं. एक मराठी भावगीत. आईला त्याचं पहिलंच कडवं येत होतं. तुरीच्या शेंगा सोलताना ती ते म्हणे, आणि कडवं संपलं की नुसतं गुणगुणत राही. मग बाबा दुसरं कडवं सुरू करत. "इतक्या वर्षांत तुले दुसरं कडवं काही आलं नाई," ते म्हणत. आई म्हणे, "तुमाले येते न. मंग मी काऊन शिकू?" आई गेल्यावर हे गाणं आमच्या घरात कोणी म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सकाळी पुलगावहून शेजाऱ्यांचा फोन आला. बाबा अंगणात पडले होते. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं सगळं गेलं. दवाखान्यातून आम्ही त्यांना वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला आमच्या घरी आणलं. त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, "असं." भूक लागली तरी असं, पाठ दुखली तरी असं. आम्हाला कळलं नाही, तर तोच शब्द ते पुन्हा मोठ्यानं म्हणत, मग आणखी मोठ्यानं, आणि शेवटी डाव्या हातानं गादीवर बुक्क्या मारत. त्यांना सगळं समजत होतं, हे सगळ्यात वाईट होतं.

माझे यजमान पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. दिवसा ते बाबांजवळ बसत. मी सकाळी स्वयंपाक करून रेल्वेगाडीनं सिंदीला शाळेत जायची, संध्याकाळी परत आले की त्यांची सुटका करायची. एका रविवारी मी बाबांचं अंग पुसत होते. मन दुसरीकडेच होतं. कधी गुणगुणायला लागले मलाही कळलं नाही. रुसलेल्या बाईचं तेच गाणं. मी पहिली ओळ संपवली आणि बाबांनी दुसरी म्हटली. शब्दांसकट. जीभ थोडी जड, पण एकेक शब्द स्वच्छ.

मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच बसले. यांना हाक मारली. बाबा पूर्ण कडवं म्हणाले, आणि स्वतःच घाबरल्यासारखे आमच्याकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "चाय पाहिजे का तुमाले?"

त्यांनी तोंड उघडलं, खूप जोर लावला, आणि म्हणाले, "असं."

पुढच्या आठवड्यात आम्ही बोलणं शिकवणाऱ्या मॅडमना दाखवलं. वयानं माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या, नागपूरच्या. त्यांनी शांतपणे समजावलं. बोलणं मेंदूच्या एका भागातून येतं, गाणं पुष्कळसं दुसऱ्या भागातून. बाबांचा एक भाग बिघडला आहे, दुसरा शाबूत आहे. "मग गाण्याच्या वाटेनंच त्यांना बोलतं करू," त्या म्हणाल्या. "त्यांना पाठ असलेल्या चाली घ्या आणि त्यात रोजच्या गरजेची वाक्यं बसवा. पुन्हा पुन्हा म्हणून घ्या. कंटाळू नका."

मी भाषेची शिक्षिका. चालीत शब्द बसवणं मला जमण्यासारखं होतं. गाडीत बसून मी बोटांवर मात्रा मोजायची. रुसलेल्या बाईच्या चालीत "मले थोडी चाय दे" बरोबर बसलं. बाबा ज्या खंजिरी भजनाच्या मंडळात जात, त्यातल्या एका भजनाच्या चालीत "पाठीले उशी लाव" बसलं. आणि आमच्या कॅसेटमधल्या गाण्याच्या मुखड्यात, दुसरं काही बसेना म्हणून, "लघवीले जायचं आहे" बसलं.

मी ते पहिल्यांदा म्हटलं त्या संध्याकाळी हे माझ्याकडे बघत राहिले. "हेच गाणं भेटलं का तुले?" ते म्हणाले.

"दुसऱ्यात मात्रा कमी पडून राह्यल्या," मी म्हटलं. आम्ही दोघंही हसलो नाही.

शाळेतून आले की पाय धुवायचे आणि बाबांसमोर खुर्ची टाकून बसायचं. त्यांचा डावा हात हातात घ्यायचा, मांडीवर ठेका धरायचा आणि म्हणायचं, मले थोडी चाय दे. पुन्हा. पुन्हा. ते चुकत, चिडत, हात झटकून तोंड भिंतीकडे करत. दिवाळीच्या आधी केव्हातरी ते एकटे, कोणी सुरू करून न देता, मागू लागले. आतल्या खोलीतून गाण्यात चहा यायचा, उशी यायची, लघवी यायची. दिवसभर. कुकरच्या शिट्टीवरून, टीव्हीवरून, मी फोनवर बोलत असताना. काम झालं होतं, आणि मला त्या चाली कानावर पडल्या की दमायला व्हायचं.

एकदा परतीच्या गाडीत समोरच्या बाकावरच्या कुणीतरी मोबाईलवर आमचं ते कॅसेटमधलं गाणं लावलं. मूळ गाणं, मूळ शब्दांसकट. मी डोळे मिटून बसले होते. मुखडा सुरू झाला आणि मी उठून उभी राहिले. हात लघवीचं भांडं घ्यायला पुढे गेलेला.

शेजारी बसलेली सहकारी शिक्षिका म्हणाली, "काय झालं हो? वर्धा यायचं आहे अजून."

"काई नाई," मी म्हटलं आणि खाली बसले. गाण्याचे शब्द पुढे चालू होते. बसस्टँड, ते दुकान, शेजारी उभे असलेले हे, यातलं काहीही डोळ्यांसमोर येईना. खिडकीबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. मी त्या बघत बसले.

दिवाळीत पुण्याहून धाकटा भाऊ आला. बाबांनी चालीत चहा मागितला तेव्हा त्यानं लगेच मोबाईल काढला. "ताई, बाबा काय मस्त गाऊन राह्यले," तो म्हणाला. व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि जोडलेल्या हातांच्या, फुलांच्या चित्रांची रांग लागली. भाऊ मनानं चांगला आहे. जाताना माझ्या पाया पडून रडला. पण तो गेल्यावर मी चादरी धुवायला टाकल्या आणि मशीनसमोरच्या स्टुलावर कितीतरी वेळ उगाच बसून राहिले.

थंडीत बाबांच्या पोटात दुखायला लागलं. ते सांगायला चाल हवी होती, आणि उरलेल्या चालींत मला आईचं भावगीत सापडलं. खरं तर मी ते इतके दिवस टाळतच होते. पण "पोट दुखून राह्यलं" त्यात असं बसत होतं, की जणू त्यासाठीच केलेलं. मी त्यांच्यासमोर बसले, हात हातात घेतला आणि म्हणायला लागले.

पहिल्या दोन शब्दांतच बाबांनी हात सोडवून घेतला आणि माझ्या तोंडावर ठेवला. मारल्यासारखा नाही. नुसता ठेवला, घट्ट. मान हलवत राहिले. त्यांच्या हाताला औषधाचा वास येत होता.

"नको?" मी हाताखालूनच विचारलं.

त्यांनी हात काढला आणि आईचं पहिलं कडवं म्हटलं. जसं होतं तसं, आईच्याच शब्दांत. कडवं संपल्यावर थांबले. त्यांना दुसरं येत होतं, सगळ्यांपेक्षा जास्त त्यांनाच येत होतं, पण म्हटलं नाही. नुसतं गुणगुणले. आई गुणगुणायची तसं. मग डोळे मिटून पडले.

मी मॅडमना फोन करून सांगितलं की पोटासाठी हातानं खूण करायला शिकवते. "चाल मिळाली नाही का?" त्यांनी विचारलं. "नाही मिळाली," मी म्हटलं.

त्यानंतर बाबा हळूहळू सुधारले. फार नाही. "हो," "नको," "चाय" असे काही शब्द चालीशिवाय यायला लागले. मॅडम म्हणाल्या, असंच होतं, चाल हळूहळू गळून पडते. ज्या दिवशी ते दमलेले असतात त्या दिवशी पुन्हा गाण्यावर येतात. त्यांना धरून दारापुढच्या ओट्यापर्यंत चालवत आणता येतं आता. हे आणि बाबा संध्याकाळी बाहेर खुर्च्या टाकून बसतात.

या उन्हाळ्यात, शाळेला सुट्ट्या लागायच्या बेतात, एका रविवारी दुपारी मी बाबांच्या खोलीत खाली सतरंजीवर पेपर तपासत होते. कूलर चालू होता, खसचा ओला वास येत होता. चौथीचे निबंध, सगळ्यांचे सारखे. माझी मान खाली जात होती, लाल पेन कागदावर लांब रेघ ओढून थांबलं होतं.

"झोप," कुणीतरी म्हणालं.

मी दचकून वर पाहिलं. बाबा पलंगावर उशीला टेकून माझ्याकडे बघत होते. हे कोणत्या गाण्यातलं, असा विचार मी करत होते. माझ्या झोपाळलेल्या डोक्यात एकेक चाल येऊन जात होती आणि कुठेच "झोप" सापडत नव्हतं. हे मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं.

"काय म्हणाले बाबा?"

त्यांनी ओठ जुळवले. वेळ लागला. "तू," ते म्हणाले. मग पुन्हा, सावकाश, "तू झोप."

मला वाटलं आता काहीतरी म्हणावं, यांना हाक मारावी, मॅडमना फोन करावा. पण मला यांतलं काही करायची ताकद नव्हती. पेपर बाजूला सारले आणि तिथेच सतरंजीवर आडवी झाले.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. यांनी खिचडी टाकली असावी. कुणी मला उठवलं नव्हतं. अंगावर चादर होती. बाबा बसल्या बसल्याच झोपले होते, मान एका बाजूला कललेली. मी उठून त्यांच्या मानेखाली उशी नीट केली, कूलरचं तोंड जरा वळवलं, आणि पुन्हा येऊन आडवी झाले.