ड्रममध्ये आधी काय होतं?

तुमच्या घरात पिण्याचं पाणी ज्या भांड्यात भरलेलं आहे, त्यात त्याआधी काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे का?

आपल्या गावी हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नसता. आमचा रांजण कुंभाराच्या भट्टीतून थेट आमच्या दारात आला होता. हिंगोलीकडचं गाव सोडलं त्या सकाळी माय तो बरोबर घ्यायला निघाली. कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडी माणसांची हाय, पाणवठ्याची न्हाई." सगळी एसटी हसली. बाबा म्हणाले, "राहू दे वो. तिथं नळ हाय. तोटी फिरवली की पाणी." माय उतरली, रांजण दाराशी पालथा घालून आली आणि खिडकीत बसली. तिच्या मांडीवर माझा भाऊ सुगत होता, नुकताच बसायला लागलेला. गाडी वळणावर गेली तरी माय मागेच बघत होती. निरोप द्यायला आलेल्या माणसांकडे नव्हे, रांजणाकडे.

बाबा तालुक्याच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. चुकलेली, उरलेली पत्रकं घरी यायची. मोर्चाची, जयंतीची, पोलिओच्या डोसाची. पाठ्यपुस्तकाआधी मी पत्रकं वाचली. बाबांनी एक गोष्ट तेव्हाच शिकवली होती: "पत्रक हातात आलं की आधी बघायचं, ते कोनाला उद्देशून हाय. काय लिहिलंय ते मंग." पुढे गावोगाव फ्लेक्स आले, छापखाना बंद पडला आणि खिळे जुळवणारी बोटं नवी मुंबईच्या एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर झाली. आम्ही शिरवण्याला एका काकींच्या चाळीत खोली घेतली. काकी तिथल्याच, आगरी. त्यांच्या भातशेतीवर आता कारखाने आणि रस्ते आहेत.

नळ होता, पण चाळीच्या टोकाला आणि सगळ्यांत मिळून एक. पाणी त्याच्या मर्जीने यायचं. त्यामुळे त्या चाळीत माणसाची पत ड्रमवर ठरायची. ड्रम असेल तर तुमचा दिवस तुमचा, नसेल तर हंड्यामागे धावा. दिवाळीला बाबांच्या सुपरवायझरने त्यांना गोदामातला एक निळा ड्रम दिला. "घेऊन जा रे, टेन्शन नको. धुतला की झकास." बाबा तो डोक्यावर घेऊन कंपनीपासून चालत आले. एवढ्या ऐटीत मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही.

मायने तो चिंच आणि राख लावून घासला. मग साबणाने, मग पुन्हा राखेने. शेजारच्या मीनावहिनी म्हणाल्या, "अय्या, नवऱ्यानं दागिना आणलाय आणि ही त्याला चिंच लावतेय!" मायही हसली. उन्हात वाळवून तिने तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. ड्रमच्या अंगावर फाडलेल्या स्टिकरचा पांढरा चट्टा होता. मला दिसेल ते वाचायची खोड, म्हणून मी बोट फिरवून बघितलं. एक अक्षर उरलं नव्हतं. वाचता येऊ नये म्हणून फाडलेलं पत्रक मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

त्या पाण्यात सुगतची पेज शिजायची. त्यातच त्याची दुधाची पावडर कालवायची. थोड्याच दिवसांत त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. तोंड आतून सोललं. तो रांगायचा थांबला आणि पुन्हा मांडीवरचा झाला. दवाखान्यात विचारलं, "पाणी उकळून देता ना?" आम्हाला एक पत्रकही मिळालं: पाणी उकळून प्या, हात स्वच्छ धुवा, बाळ निरोगी ठेवा. बाबांनी ते भिंतीला चिकटवलं. माय स्टोव्ह पेटवून ड्रममधलं पाणी उकळायची, गाळायची, पुन्हा उकळायची. लेकरू खंगत गेलं. मग सगळे मायलाच विचारू लागले. हात धुतेस ना? झाकण ठेवतेस ना? नखं कापतेस ना? तिने नखं इतकी खोल कापली की बोटांतून रक्त यायचं.

मामाच्या लग्नासाठी आम्ही गावी गेलो. विहिरीचं पाणी, पालथ्याचा सुलटा केलेला तोच रांजण. सुगत बरा झाला. मांडवात लोकांच्या चपला गोळा करत रांगत सुटला. मामा म्हणाला, "ह्याला मुंबई मानवत न्हाई." सगळ्यांना ते पटलं. हवा बाधते म्हणे. मुंबईची हवा खाऊन मोठी झालेली लाखो लेकरं कुणालाच आठवली नाहीत. आम्ही शिरवण्याला परतलो, ड्रम भरला आणि सुगत पुन्हा आडवा झाला.

एके दिवशी काकी दारात आल्या. त्यांनी ड्रमचं झाकण उचललं आणि तोंड फिरवलं.

"गो बाय, ह्या ड्रमाला वास कसला हाय? करावंला खाडीन कंपन्यांचं पानी येते, तितं माज्या भावाचे जाल्यान मासली गावते, तिला आता ह्योच वास येते. ती मासली आमी मांजरीला पन नाय देत. न तू पोराला पाजतंस?"

आम्हाला वास येत नव्हता. रोज त्यातच राहणाऱ्याला तो येत नाही. काकी मात्र अर्ध्या आयुष्याच्या ताज्या मासळीवरून तो ओळखत होत्या. मायने त्याच पावली ड्रम गटारात ओतला आणि घरात होती नव्हती ती सगळी भांडी घेऊन नळावर गेली. पण सुगतच्या अंगात आता झुंजायला काही उरलं नव्हतं. दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. तिथून माय रिकाम्या हातांनी परत आली.

दाखल्यावर मरणाचं कारण लिहिलं: जुलाब. ड्रममुळेच गेला, हे मी सिद्ध करू शकत नाही. ते पाणी कुणी तपासलंच नाही. गरिबाचं लेकरू गेलं की तपास मायच्या नखांपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो.

ड्रम दाराबाहेर पडून होता. भंगारवाला आला. बाबा उठले, त्यांना तो डोळ्यांसमोर नको होता. माय आडवी आली. "ह्यो हितून गेला की दुसऱ्याच्या दारी जाईल. तिथंबी लेकरू असंल." तिने स्टोव्हवर सळई लाल केली आणि ड्रमच्या बुडात खुपसली. एकदा नाही, परत परत. प्लास्टिक जळालं तेव्हा तो वास आम्हालाही आला. भंगारवाला कळवळला, "भाभी, अच्छा खासा माल खराब कर दिया!" माय मराठीत म्हणाली, "हाव. त्याच्यासाठीच केला."

आता मी बेलापूरला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. नेरुळच्या सोसायटीत भाड्याने राहते. भिंतीवर आरओ आहे. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कडक की मऊ यावर सकाळपासून चर्चा चालते आणि खाली पाइप लावून गाड्या धुतल्या जातात. गावी गेले की लोक म्हणतात, सुधारलीस. माय नेरुळला राहायला येत नाही. ती अजून काकींच्या चाळीतच आहे. भेटायला आली की आरओचं पाणी पेल्यात घेते, हुंगते आणि मगच पिते.

मागच्या महिन्यात एमआयडीसीलगतच्या वस्तीत गेले होते. आपल्याच तालुक्यातली कुटुंबं तिथे नवी आली आहेत. एका बाईने मला नुकतंच वाटलेलं पत्रक दाखवलं. चकचकीत, रंगीत. साडीतली हसरी आई, साबण, गुटगुटीत बाळ, आणि मागे, झोपडी ओळखू यावी म्हणून, कोपऱ्यात काढलेला निळा ड्रम. चित्रकाराला तो दिसला. मजकूर लिहिणाऱ्याला नाही दिसला. मजकूर तोच: आईने हात धुवावेत. त्या बाईच्या कोपऱ्यातही तसाच ड्रम होता, आणि ड्रमला टेकून एक लेकरू उभं राहायला शिकत होतं. "कुठून आणला?" मी विचारलं. ती कौतुकाने म्हणाली, "ह्यांच्या कंपनीतनं. फुकटात!"

बाबांचं वाक्य तेव्हा मला पुरतं कळलं. लहानपणापासून वाचलेली ही सगळी पत्रकं मायला उद्देशून होती. हात तिचे, नखं तिची, चूक तिची. ड्रममध्ये रसायन भरणाऱ्याला, तो रिकामा करणाऱ्याला, स्टिकर फाडून गेटबाहेर सोडणाऱ्याला उद्देशून एकही पत्रक मी वाचलेलं नाही. ते छापायला कागद महाग पडत असावा.

घर कुठलं, असं मला कुणी विचारतं तेव्हा गावचं नाव येत नाही, नेरुळचंही येत नाही. पाण्याआधी भांड्यात काय होतं हे जिथे विचारावं लागत नाही, ते घर. असं घर मला अजून मिळालेलं नाही, आणि सुगतला तर मिळालंच नाही.

म्हणून हे पत्रक मी तुम्हाला उद्देशून लिहिते आहे. आपल्या गावची पोरं आज या पट्ट्यातल्या कंपन्यांत हेल्पर आहेत, ऑपरेटर आहेत, गोदाम सांभाळतात, सुपरवायझरही झाली आहेत. घरी असा ड्रम असेल तर आजच रिकामा करा आणि पाण्यासाठी म्हणून विकली जाणारी नवी टाकी कंपनीकडे मागा. एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून मागा. आणि उद्या शिफ्टला गेलात की रसायनाचा रिकामा ड्रम गेटबाहेर पडण्याआधी त्याच्या बुडाला भोक पाडा. माल खराब केला म्हणून कुणी ओरडलं, तर माझ्या मायचं उत्तर द्या.