दोन्ही बाकांवरचे सर

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या सरांइतक्या फायनल हरलेला दुसरा बास्केटबॉल कोच सापडायचा नाही, आणि हरून आल्यावर त्यांच्याइतक्या थाटात एसटीतून उतरणारा तर उभ्या महाराष्ट्रात नाही. अकोल्याच्या कॉलेजनं आम्हा मुलींना धुऊन काढलेलं असे, गुडघे सोलपटलेले असत, कुणी बसमध्येच रडून झोपी गेलेली असे, पण अमरावतीच्या स्टँडवर पाय ठेवला की सर पहिल्या दिसेल त्या ऑटोवाल्याला छाती काढून सांगत, "दुसरे आलो!" हे अशा आवाजात की, पहिलं आलेल्या बिचाऱ्यांना दुसरं येणं काही जमलं नाही, असंच ऐकणाऱ्याला वाटावं. एका ऑटोवाल्यानं तर एकदा खाली उतरून त्यांच्याशी हात मिळवला होता.

सर मूळचे पातूरकडचे आणि खो-खोतले. उंचीला माझ्या खांद्याशी येत. कॉलेजला खेळशिक्षक हवा होता तेव्हा मैदानावर बास्केटबॉलचे खांब होते आणि त्यांना दोरी बांधून पहारेकरी धोतरं वाळत घालत असे. मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं, "बास्केटबॉल येतो का?" सर म्हणाले, "येत नाई. पन दोन खांब तिकडेबी, दोन खांब इकडेबी. फरक काय हाय?" प्राचार्यांनाही फरक ठाऊक नव्हता, त्यामुळे नेमणूक झाली. पहिले कित्येक दिवस सरांनी मुलींना मैदानात पाठीला पाठ लावल्यासारखं उलटसुलट बसवून ठेवलं आणि बॉल दिला की "खो!" म्हणून उठायला शिकवलं. पुढे त्यांनी पुस्तकं वाचली, शिबिरं केली, खेळ खरोखर शिकून घेतला. बसणं गेलं, पण खो राहिला. मी संघात आले तेव्हाही आम्ही पास देताना "खो!" असंच ओरडायचो. समोरच्या संघाला पहिली पाचेक मिनिटं काय चाललंय तेच कळायचं नाही आणि तेवढ्यात आम्ही बऱ्यापैकी पुढे जायचो. मग त्यांना कळायचं.

हा खेळ परदेशात जन्मला हे सरांना मुळीच मान्य नव्हतं. "रंग पाय ना व त्याचा!" बॉल आमच्या नाकासमोर धरून ते म्हणत. "हा संत्रा नाई तं काय हाय? आपल्याच मुलखातून कोनीतरी नेला, अन् हवा भरून परत धाडला." हाफ टाइमला दुसऱ्या संघांच्या मुली ग्लुकोज प्यायच्या. आमचे सर डब्यातून मिरचीचा ठेचा काढून आमच्या जिभेवर बोटानं लावत. "ग्लुकोजनं ताकद येते. ठेच्यानं राग येते. आपल्याले राग पाह्यजे." राग यायचाच, आणि आम्ही पाण्याच्या दिशेनं अशा धावायचो की तोच आमचा दिवसभरातला सर्वांत वेगवान खेळ ठरावा.

त्यांच्या गळ्यात शिट्टी कायम. लग्नातही आणि मौतीलाही. एका पंगतीत वाढपी मठ्ठ्याचं भांडं घेऊन आमची रांग सोडून पुढे गेला, तर सरांनी शिट्टी फुंकली आणि हात वर करून "फाऊल!" दिला. वाढपी बिचारा घाबरून उलटा आला. पण खरी गंमत एसटीची. अकोल्याला जाताना बडनेरा सुटलं की सरांना झोप लागे, आणि झोपेत त्यांना मॅच दिसे, आणि मॅच दिसली की ते शिट्टी वाजवत. मूर्तिजापूरच्या अलीकडे एकदा भर उन्हात, आजूबाजूला एक झाड नाही अशा जागी ड्रायव्हरनं गचकन गाडी थांबवली. कंडक्टर ओरडला, "काहून थांबवली बे?" ड्रायव्हर म्हणाला, "तूच तं शिट्टी मारली!" दोघांची अशी जुंपली की गाडीतली माणसं मध्ये पडली. त्या गोंधळानं सर जागे झाले, त्यांनी परिस्थिती पाहिली आणि भांडण थांबवायला पुन्हा शिट्टी वाजवली. त्यापुढचा प्रवास आम्ही त्यांची शिट्टी माझ्या पर्समध्ये ठेवून केला.

मी संघात आले तेही सरांच्याच हट्टानं. आमचं घर वलगावचं, बाबांचा भाजीचा मळा. वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन मी बाजारात उभी होते. सरांनी वांगी पाहिलीच नाहीत. त्याच संध्याकाळी ते घरी हजर. "तुमच्या पोरीची उंची वाया जाऊन राहिली," ते बाबांना म्हणाले. बाबांनी कपाळाला हात लावला. "सर, उंचीचाच तं घोर हाय. हिच्या मापाचा पोरगा कुठून आनू मी?" सर छातीवर हात ठेवून म्हणाले, "ते माह्यावर सोडा." बाबांनी सोडलं. त्यानंतर प्रत्येक स्पर्धेत सर मुलांच्या संघांतल्या उंच खेळाडूंना बाजूला घेऊन त्यांचं गाव, शेती आणि चालचलणूक विचारत. मुलांना वाटे, निवडसमितीचे गृहस्थ आहेत. ते घाईघाईनं ड्रिबल करून दाखवत.

एवढ्या धीट माणसाला एका गोष्टीची मात्र भीती होती. आमची मुलगी फ्री थ्रो मारायला उभी राहिली की ते पाठ फिरवत. आपण पाहिलं की बॉल जात नाही, अशी त्यांची खात्री. पाठ करून ते जवळ असेल त्याला विचारत, "गेला का?"

आणि अकोल्याचे कोच म्हणजे सरांच्या आयुष्यातलं दुसरं प्रकरण. सर त्यांना भाईजान म्हणत, ते सरांना गुरुजी. भाईजान सहा फुटांवर उंच, मेंदी लावलेली लाल दाढी, आवाज खणखणीत. दरवर्षी फायनल या दोघांचीच, आणि दरवर्षी भाईजान जिंकत. मैदानावर दोघे एकमेकांकडे पाहतही नसत. मॅच संपली की एकाच प्लेटमध्ये दह्यात बुडवलेला गिला वडा खात. "गुरुजी, आपकी टीम में दम है," भाईजान म्हणत. "फक्त बॉल बास्केट में डालना सिखाओ." सर म्हणत, "पुढच्या साली पाय तू."

करता करता सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. आता पुढचं साल उरलं नव्हतं. फायनल आमच्याच मैदानावर, अमरावतीत. आम्ही मुलींनी आपसात शपथ घेतली होती की कप सरांच्या हातात द्यायचाच. खो बंद, ठेचा हाफ टाइमऐवजी सकाळीच, सगळं ठरलं होतं. सकाळी अकोल्याची गाडी आली, मुली उतरल्या, पण भाईजान उतरले नाहीत. निघता निघता त्यांच्या पोटात असह्य कळ उठली होती. अपेंडिक्स निघालं आणि त्यांना तिथल्याच दवाखान्यात ऑपरेशनला नेलं होतं. "पोरींनो, तुम्ही जा," एवढंच त्यांनी स्ट्रेचरवरून सांगितलं होतं. मुली मैदानाच्या कडेला एकमेकींना धरून रडत होत्या.

संयोजकांनी नियम सांगितला: बाकावर कोच नसेल तर संघ खेळू शकत नाही. म्हणजे वॉकओव्हर. म्हणजे कप आमचा. आमच्या कॅप्टननं तर आनंदानं किंकाळी फोडली. मी सरांकडे पाहिलं. ते अकोल्याच्या रिकाम्या बाकाकडे बघत होते. मग ते संयोजकांपाशी गेले.

"एका मानसानं दोन बाकावर बसू नये, असं कुठी हाय का नियमात?"

संयोजकांनी नियमांचं पुस्तक उलटंसुलटं चाळलं. असा प्रश्न कुणाला पडेल हे ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं.

"तसं कुठं नाही, पण सर..."

"मंग झालं तं. त्याइचा कोच मीच."

आम्ही त्यांना घेरलं. "सर, कप हातात येऊन राहिला होता!" कॅप्टन जवळजवळ रडत होती. सर शांतपणे म्हणाले, "न खेळता आनलेला कप मी घरी कुठी ठेवू व? त्याच्याकडं पायल्यावर मले जेवन जाईन का?"

मॅच सुरू झाली, आणि तसा सामना त्या मैदानानं आधी पाहिला नव्हता. सर एका बाकावरून दुसऱ्या बाकावर नुसते पळत होते. पंचांनी अकोल्याविरुद्ध फाऊल दिला तर सर तिकडून ओरडले, "हा फाऊल हायच नाई!" आणि आमच्या बाजूला येऊन पोचेपर्यंत, "फाऊल कसा नाई? डोळे हायेत का?" पंचांनी शिट्टी तोंडातून काढली आणि ते क्षणभर खाली मांडी घालून बसले. टाइम आउटमध्ये सरांनी आम्हाला सांगितलं, "त्याइची छोटी हाय ना, थे नेहमी उजवीकून घुसते. वाट अडवा." आम्ही खुलून गेलो. तेवढ्यात ते अकोल्याच्या घोळक्यात घुसले आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "आमची लंबी थकली का डावा हात खाली टाकते. तिकूनच जा तुमी."

"सर!" मी किंचाळले.

"तू चूप बस!" ते तिथूनच ओरडले. "मी आता अकोल्याचा हाय!"

त्यानंतर अकोल्याच्या मुली माझ्या डावीकडूनच येऊ लागल्या. मधल्या धावपळीत सरांची एक चप्पल कुठेतरी गेली, तरी ते पळत होते. शेवटाला आम्ही एका गुणानं पुढे होतो, घड्याळात काही उरलं नव्हतं, आणि त्या छोटीला दोन फ्री थ्रो मिळाले. सर मधोमध उभे. ती आज त्यांची मुलगी होती, म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ केली. पाठ केली तर समोर आम्ही! आमचे चेहरेही त्यांना पाहवेनात. शेवटी त्यांनी डोळेच गच्च मिटले.

"गेला का?" त्यांनी विचारलं. पहिला गेला होता. "आता?" दुसराही गेला.

अकोल्याच्या मुली येऊन त्यांच्या गळ्यात पडल्या तेव्हा त्यांना निकाल कळला. ते आधी उड्या मारू लागले. मग आम्ही दिसलो, तशा उड्या थांबल्या. आमच्याकडे येऊन त्यांनी प्रत्येकीच्या डोक्यावरून हात फिरवला, स्वतःचं नाक ओढलं, आणि पुन्हा तिकडे जाऊन थोड्या उड्या मारल्या. विजेत्या संघाच्या कोचला पुकारलं तेव्हा सर एका पायात चप्पल घालून पुढे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कप त्यांच्या हातात आला होता. दवाखान्यातून नुकतंच घरी आणलेलं बाळ धरावं तसा त्यांनी तो धरला. मला फार राग आला होता, पण तो राग तिथेच कुठेतरी सांडला.

त्या संध्याकाळी दोन्ही संघ एकाच गाडीनं अकोल्याला गेले. दवाखान्यात एवढ्या घामेजल्या मुलींना आत सोडायला नर्सबाई तयार नव्हत्या. सरांनी गळ्यातली शिट्टी नुसती उचलून दाखवली तशा त्या बाजूला झाल्या. भाईजान पांढऱ्या चादरीखाली पडलेले, उंची पलंगाबाहेर निघालेली. सरांनी कप त्यांच्या उशाशी ठेवला.

"तो आज भी हार गए, गुरुजी?" भाईजान हळूच म्हणाले.

"हाव," सर म्हणाले. "अन् जिंकलोबी."

भाईजानना हसू आलं, हसताना टाके दुखले, दुखल्यावर डोळ्यांत पाणी आलं. "मत हँसाओ यार," ते म्हणाले, आणि सरांचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

पुढे माझं लग्न झालं. सरांनी पाहिलेली सगळी उंच मुलं नोकऱ्यांच्या मागे कुठे कुठे पांगली होती. नवरा मिळाला तो अकोल्याचा आणि माझ्याहून दोन बोटं कमी. सर मांडवात बाबांपाशी बसून फुरंगटले होते. "कप नेला, अन् आता पोट्टीबी अकोल्यानंच नेली," म्हणाले, आणि जेवायला उठले ते भाईजानच्या शेजारी जाऊन बसले.

भाईजान मागच्या हिवाळ्यात गेले. मी अकोल्यातच असल्यानं मातीला गेले होते. सरांना आता नीट चालवत नाही, तरी ते एसटीनं आले होते. कब्रस्तानाच्या बाहेर भिंतीला टेकून उभे होते. मला पाहिल्यावर एवढंच विचारलं, "खेळून राहिली का?"

मी म्हटलं, "कुठं सर, नोकरी, घर..."

"बॉल हाय का घरी?"

नव्हता. परतीच्या गाडीत बसताना ते म्हणाले, "एक आनून ठेवजो."

मी आणून ठेवला. कितीतरी दिवस तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पडून होता. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा सरांना फोन लावला. त्यांनी उचलला. फोन खिडकीत ठेवला आणि बॉल फरशीवर आपटला. मला वाटलं, फोन कटला.

मग आवाज आला, "अजून एक खेप."