विमानाच्या पोटाचं भगदाड

आधी चहा ओतून घ्या मंडळी, कारण माझा हा पराक्रम ऐकल्यावर तुम्ही माझ्यापुढचा कपही उचलून न्याल! उदगिरात आमच्या गल्लीत मला आजही कुणी सरळ हाक मारत न्हाई. का, ते सांगतो.

माझं कूलरचं दुकान. पत्रा कापायचा, बॉडी ठोकायची, पंखा बसवायचा, विकायचं. पण त्या साली दुष्काळ असा पडला की लातूरला रेल्वेनं पाणी आलं. प्यायला पाणी न्हाई, तिथं कूलरात ओतायला कोण आणतंय? गिऱ्हाईक बंद. मी आपला दिवसभर दुकानात बसून, उदगीर जिल्हा कधी होणार यावरच्या लोकांच्या गप्पा ऐकायचो. रिकामा माणूस लई वाईट हो!

दुकानामागंच अन्वरसरांचं घर. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. अन् अंगणातल्या शेडात ते काय करायले होते? विमान! एका माणसाचं, खरंखुरं! इंजिन हैदराबादच्या भंगारातून आणलेलं, जपानी मोटारीचं, रोटरी. म्हणजे आत पिस्टन वर-खाली होत न्हाई, एक तिकोनी लोखंड गरगर फिरतं. वजनाला हलकं, ताकदीला दांडगं, पण तापतं असं की विचारू नका. म्हणून सरांची सगळी डोकेफोड एकाच गोष्टीवर चाललेली: रेडिएटर गार ठेवायला हवा आणायची कुठून अन् न्यायची कशी.

"सर, गावात पाणी न्हाई अन् तुम्ही उडायला निघालाव?" मी एकदा विचारलंच.

सर हसले. "शिवराज, पाणी आपल्या हातात न्हाई बाबा. वारा तर हाय ना? तो तरी नीट वापरायला शिकू."

तेव्हा मला गंमत वाटली. आता मात्र ते बोलणं मनातून जात न्हाई. रिटायर झाल्यावर माणसं ओट्यावर बसून बसून विझत जातात, मी बघितलंय. सर विझले न्हाईत ते त्या शेडामुळं.

पण सरांच्या बायकोचं, आमच्या भाबींचंही काही चुकत न्हवतं. टँकर आला की गल्ली पळायची, अन् त्यांच्याकडं पाणी साठवायला जागा न्हाई. मोठी टाकी बसेल अशी जागा एकच, विमानाचं शेड! शेवटी भाबींनी फैसला सुनावला. "घागरभर पाणी देते. इतवारी इंजिन चालू करा. पातेल्यात चहा होईपर्यंत न उकळता चाललं, तर विमान राहील. उकळलं तर भंगारवाल्याला बोलावते."

शनिवारी सर रबरी पायपाचे क्लिप आणायला नांदेडला गेले. जाताना मला म्हणाले, "हवा आत घ्यायचं पुढचं तोंड तेवढं रिव्हेट मारून बसव. बाकी कशाला हात लावू नकोस."

पुढचं तोंड एवढंसं, जेवणाच्या डब्याएवढं! आत गेलं की ते रुंद होत होत रेडिएटरला भिडायचं. मला हसू आलं, पण बसवलं. मग सहज खाली वाकून बघितलं तर काय, रेडिएटरच्या मागं विमानाच्या पोटाला हे भलंमोठं भगदाड!

आता तुम्हीच सांगा, मी कूलरवाला. बॉडीत फट दिसली की माझे हात शिवशिवतात. मला वाटलं, म्हातारा माणूस, पत्रा कमी पडला असंल, लाजेनं बोलला नसंल. बिचाऱ्याचं विमान वाचवू या! नवाकोरा पत्रा कापला, भगदाड बंद केलं, वरून सांध्यांना लांबीची पुट्टीही भरली. मुंगी जाणार न्हाई असं काम! अन् सरांना सांगितलं न्हाई. उपकार काय सांगून करतात?

इतवारी सगळी गल्ली माळवदांवर चढली. फाटकाबाहेर टेम्पोत भाबींची काळी टाकी तयारच. सर विमानात बसले, इंजिन सुरू झालं, पुढचा पंखा घोंगावला. भाबींनी चहा ठेवला.

चहाच्या पाण्याला बुडबुडे यायच्या आधीच सर ओरडले, "शिवराज, गरमीचा काटा चढायलाय!"

"हवा कमी पडायली सर! थांबा!" मी पळत दुकानात गेलो, कूलरचा मोठा पंखा आणून बाजूनं त्या तोंडावर सोडला. काटा आणखी चढला. मी दुसरा पंखा आणला! तेवढ्यात फाटकन रेडिएटरचं झाकण उडालं अन् घागरभर पाणी उकळत अंगणभर झालं. सरांनी इंजिन बंद केलं.

माळवदावरून कुणीतरी म्हणालं, "हे उडायच्या आधी उदगीर जिल्हा होतोय बघा!" सगळे हसले. सर खाली उतरले अन् विमानावर हात ठेवून उभे राहिले.

भाबी चहा तसाच सोडून आल्या. वाकून विमानाखाली बघितलं. "भाऊ, हा चकचकीत पत्रा कुणाचा?"

"माझा," मी छाती काढून म्हणालो. "मागून सगळी हवा निघून गेली असती!"

भाबींनी कपाळाला हात लावला. "गेल्या उन्हाळ्यात माझा कूलर गार हवा देईना, तेव्हा तुम्ही मला काय बोललाव? भाबी, समोरची खिडकी उघडी ठेवा, जुनी हवा बाहेर गेल्याबिगर नवी आत येईल कशी? सगळ्यांपुढं बोललाव!"

मी छिन्नी आणायला दुकानाकडं पळालो.

भाबी आत गेल्या अन् राहिलेली प्यायच्या पाण्याची घागर उचलून आणली. सर म्हणाले, "राहू दे." त्या म्हणाल्या, "चूक इंजिनाची न्हाई, तुमच्या दोस्ताची हाय." मी तो पत्रा उचकटला. इंजिन थंडावल्यावर घागर ओतली. परत चालू केलं. चहा उकळला, उतू गेला, काटा जागचा हलला न्हाई! सर लहान लेकरासारखे रडले. मी पण.

विमान शेडात राहिलं. मग टाकी कुठं? भाबींनी माझ्याकडं बोट केलं. टाकी दुकानासमोर बसली, पाण्याची रांगही तिथंच लागू लागली.

पुढं चांगला पाऊस झाला, अन् त्यानंतरच्या उन्हाळ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. मी पंखा लावून दाखवला अन् सवयीनं तोंड उघडलं, "मालक, कूलर चालू केला की..."

टाकीपुढच्या रांगेतल्या बाया घागरी घेऊन एका सुरात ओरडल्या, "विमानवाले, खिडकी उघडी ठेवायची!"